काशी, पितृपक्ष आणि चाळीस जोड चपला

आमच्या आर्णीकडे तुरीच्या शेंगा वाजायला लागल्या की माझा फोनही वाजायला लागतो.

"बाई, औंदा काशीले कवा जाचं?"

हा प्रश्न विचारणाऱ्याला खरं तर दुसरंच काही विचारायचं असतं. एखाद्याला कधी स्वस्त पडेल ते हवं असतं. एखादीला व्याही यायच्या आत घरातून निघायचं असतं. एका पाहुण्याने तर मला स्पष्टच सांगितलं होतं, "बाई, ग्रामपंचायतीची निवडणूक आहे त्या आठवड्यात न्या, म्हणजे दोन्हीकडच्यांना सांगता येईल की मी गंगेवर होतो." त्याला नेलं. परत आल्यावर दोन्हीकडचे त्याच्याशी बोलेनासे झाले, पण दर्शन उत्तम झालं म्हणाला.

मी यात्रेच्या बस काढते. स्वतःची बस मात्र एकही नाही. बस भाड्याची, स्टिअरिंग सलीमभाईंचं, भांडी माझी आणि तोंडही माझंच, एवढ्या भांडवलावर धंदा चालला आहे. त्याआधी बारा वर्षं मी दुसऱ्याच्या यात्रेत पोळ्या लाटल्या. आठ वेळा काशीला गेले आणि आठही वेळा काशी म्हणजे धर्मशाळेचं मागचं अंगण एवढंच पाहिलं. तिथे बसून कणीक मळता मळता मी एक गोष्ट शिकले. मालक भाव करायचा तो खोलीचा, आणि खोली मिळायची तिसऱ्या मजल्यावर. म्हाताऱ्या बायका जिने चढूनच अर्ध्या व्हायच्या. तेव्हाच ठरवलं की आपण धंदा काढला तर भाव करायचा तो जिन्याचा.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात्रा काढणं म्हणजे माणसं भरायची आणि न्यायची. तसं नाही. सगळी कला तारीख काढण्यात आहे. आमच्या भागातल्या माणसाला काशीला न्यायचं तर आधी त्याच्या शेताला विचारावं लागतं. दसरा-दिवाळीला सोयाबीन निघतं, मग कापसाची वेचणी, मग तूर. तोवर घरातली बाई हलत नाही. पुरुष हलतो, पण पुरुषांची बस भरून काशीला नेण्यात काही राम नाही. ते घाटावर बसून कापसाच्या भावावरच बोलतात. शेत मोकळं झालं की लग्नं सुरू होतात. लग्नं संपतात तोवर तिकडे अशी लू चालते की घाटाच्या पायऱ्यांवर भाकरी शेकावी.

ते मी पाहिलेलं आहे. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतले काही जण एकदा मे महिन्यातच न्या म्हणून अडून बसले, कारण त्यांच्या कारखान्याला तेव्हाच सुट्टी होती. मी नाही म्हटलं, ते जास्त पैसे देतो म्हणाले, आणि माझी जीभ वळली. दुसऱ्या दिवशी दुपारी घाटावर एकेक जण नाचत होता. अनवाणी पाय दगडावर टेकवता येईना. शेवटी मी बसमधली तांदळाची रिकामी पोती काढली, पाण्यात भिजवली आणि एकापुढे एक टाकत त्यांना पाण्यापर्यंत नेलं. सलीमभाई वरून ओरडले, "बाई, बारातियों के लिए कालीन बिछा रहे क्या?"

श्रावणाचीही तीच गत. दिग्रसच्या दोन बहिणी होत्या, दोघींचाही श्रावणी सोमवारचा हट्ट. गेलो तर गंगा घाट गिळून वर आलेली, नावा बंद. मोठी बहीण माझ्यावर चढली, "नावेत फिरवतो म्हणे तुमी! कुठी हाय नाव?" मी म्हटलं, "मावशी, लोक गंगेला भेटायला पायऱ्या उतरतात. तुमच्यासाठी ती पायऱ्या चढून आली. अजून काय पाहिजे?" धाकटी हसली. मोठी अजून बोलत नाही.

पौषात धुकं. हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत, आणि थंडी अशी की गंगेत बुडी मारणाऱ्याचं पुण्य दुप्पट धरावं. महाशिवरात्रीला गर्दी, कार्तिकी पौर्णिमेला त्याहून जास्त. असे एकेक दिवस कापत गेलं की हातात जे उरतं ते माझं भांडवल. हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. त्याची किंमत दुसऱ्याच एका बाईने दिली. तीच गोष्ट सांगायला बसले आहे.

स्वतःची पहिली बस काढली तेव्हा मी फार हुशार होते. आमच्याकडे पितृपक्षात कोणी काही करत नाही. लग्न नाही, सोनं नाही, नवीन कापड नाही, घराची वीटही कोणी आणत नाही. त्या पंधरवड्यात बसमालक अंगणात खुर्ची टाकून बसलेला असतो. मी त्याच्याकडे गेले आणि अर्ध्या भाड्यात बस मिळवली. फवारणी झालेली, सोयाबीन अजून हिरवं, माणसं मोकळी. माझा जुना मालक काशीला नेहमी माघातच न्यायचा, त्यामुळे काशीचे बाकीचे महिने मी पाहिलेच नव्हते. मला वाटलं, आपल्याकडे सगळं ओस असतं तर तिथेही ओसच असणार. घरोघरी जाऊन सांगितलं, "गर्दी नाही, घाई नाही. देवासमोर बसून राहा."

आमच्याकडच्या माणसानेच करावी अशी ही चूक होती. पितृपक्ष म्हणजे घरी बसायचे दिवस, एवढंच आम्हाला माहीत. बाकीचा देश त्याच पंधरवड्यात पिंडदानाला गयेला निघतो आणि जाता जाता काशी करतो, हे मला प्रयागला पोचल्यावर कळलं. काशीत तर धर्मशाळेच्या व्यवस्थापकाने माझ्याकडे पाहिलंही नाही. "बाईजी, पितृपक्ष है. पूरा हिंदुस्तान आया हुआ है," असं म्हणून तो वहीत डोकं घालून बसला.

चाळीसच्या वर माणसं आणि एक खोली नाही. माझा भाव करायचा सगळा दिमाख तिथे गळून पडला, कारण ज्याच्याकडे वस्तूच नाही त्याच्याशी भाव कसला करणार? शेवटी सलीमभाई एका मेकॅनिकला धरून आले, मेकॅनिकने त्याच्या मेव्हण्याला धरलं, आणि आम्ही एका साडी विणणाऱ्याच्या कारखान्यात मागांच्या मध्ये सतरंज्या टाकल्या. त्या घरच्यांनी पाणी दिलं, चहा दिला. आमच्या बायका देव विसरून जरीचे काठ पाहत बसल्या.

दर्शनाच्या दिवशी खरी परीक्षा होती. तेव्हा देवळाकडे जाणाऱ्या गल्ल्या अरुंद होत्या. रांग गल्लीतून गल्लीत वळत गेलेली, शेवट दिसेना. एरवी प्रसादाचे दुकानदार चपला सांभाळतात, त्या दिवशी त्यांनीही हात वर केले. आणि आमच्यातल्या वच्छलाकाकूंना गल्लीतच धाप लागली. त्यांना दमा होता. एका बंद दुकानाच्या पायरीवर त्यांना बसवलं. माझ्या डोक्यात दोन्ही अडचणींचा हिशोब एकदम जुळला.

"काकू, तुम्ही इथंच बसा," मी म्हटलं. "चपला पाहा. गर्दी उतरली की तुम्हाला मांगून नेतो."

"जा बाप्पा तुमी," काकू म्हणाल्या. "मी कुठी पळून राह्यली?"

चाळीस जोड चपलांचा ढीग त्यांच्यासमोर टाकून आम्ही रांगेत शिरलो. रांगेत आमची फाटाफूट झाली, कोण कुठल्या दाराने बाहेर पडलं कोणाला कळलं नाही. चार-पाच तासांनी एकेक जण पायरीशी येऊन आपापली चप्पल घालत होता. सगळे गळलेले. देऊळ बंद व्हायची वेळ झाली होती आणि सकाळी पुढे निघायचं होतं. काकूंना मागून नेणं राहून गेलं.

काकूंचे यजमान म्हणजे राऊत गुरुजी. मला पहिली ते चौथी त्यांनीच शिकवलं. पाढे, शुद्धलेखन आणि कानाखाली वाजवल्यावर रडायचं नाही हे, तिन्ही त्यांच्याकडून शिकले. ते सगळ्यांत शेवटी पायरीशी आले. म्हणाले, "दाराशी पोचलो, पण आत गेलोच नाही. हिला सोडून कसा जाणार?"

परत आल्यावर महिन्याभराने एका लग्नात पंगत बसली होती. मीही होते. गुरुजी समोरच्या ओळीत. कोणीतरी यात्रेचं विचारलं, तर शाळेत हजेरी घ्यायच्या आवाजात म्हणाले, "पुष्पाने बस रिकामी पाहिली, पंचांग नाही पाहिलं. आम्हा दोघांचं दर्शन हिच्या लोभापायी गेलं. ही चूक नाही, लबाडी आहे."

मी वाढलेल्या ताटावरून उठले. "गुरुजी," मी म्हटलं, "हिशोब तुमच्याकडूनच शिकली. चुकला असंल तं शिकवणाऱ्याचा चुकला."

वाक्य चांगलं होतं, मला अजून आवडतं. पण गावाने लक्षात ठेवलं ते गुरुजींचं. 'बस पाहून पंचांग काढणारी बाई' असं माझं नाव पडलं. दोन वर्षं आर्णीतून एक माणूस माझ्या बसमध्ये बसला नाही. दारव्हा, नेर, दिग्रस अशी बाहेरची माणसं जमवत मी पुन्हा उभी राहिले. आर्णीचे लोक पुढे आले, पण पैसे मोजताना हसून विचारायचे, "बाई, औंदा पंचांग पाह्यलं ना?" मी हसत नसे. चूक केली हे मला मान्य होतं. बस स्वस्त म्हणून तारीख काढली हेही खरं. पण माहीत असून फसवलं नव्हतं. चूक आणि लबाडी यात फरक आहे, आणि तो फरक मला शाळेत ज्याने शिकवला त्यानेच चार लोकांत पुसून टाकला, हे माझ्या छातीत पंधराएक वर्षं कुसळासारखं राहिलं.

तेव्हापासून मी आपल्या कॅलेंडरवर भरवसा ठेवत नाही. तिथल्या माणसांना फोन करते. नाववाल्याला, फुलवाल्याला, धर्मशाळेच्या व्यवस्थापकाला. 'चांगले दिवस कोणते' असं विचारत नाही, कारण तसं विचारलं की ते सणच सांगतात. मी विचारते, "भैया, आप मक्खी कब मारते हो?" धंदेवाल्याला आपले रिकामे दिवस पाठ असतात.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात मी ओसरीवर मेथी निवडत बसले होते. गेट वाजलं. बघते तो गुरुजी. काठी टेकत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी मेथीवरची नजर काढली नाही.

"बसू का?" त्यांनी विचारलं.

"खुर्ची रिकामीच आहे. पंचांग पाहून बसा."

बसले. काठीच्या मुठीवर अंगठा फिरवला. मग म्हणाले, "वच्छलेला काशी करायची आहे."

"गावात दुसऱ्या कंपन्या आहेत ना. तुम्हीच तर लोकांना तिकडे धाडता."

"ते महाशिवरात्रीलाच नेतात. मुलगाही म्हणतो, त्याच दिवशी पुण्य. पण यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, एकदाच काय ते जाऊन या. आणि थंडी नको, ऊन नको, धूळ नको, गर्दी नको." आणि पुढे म्हणाले, "म्हणजे जाऊच नका, असंच झालं ना?"

आता मी मान वर केली. गुरुजी एवढे म्हातारे झाले आहेत हे मला माहीत नव्हतं. सदऱ्याचं वरचं बटण दुसऱ्याच काजात लावलेलं. चार 'नको' टाळून दिवस काढायचा म्हणजे माझ्याच धंद्याचा पेपर होता. आणि तो घेऊन गुरुजी माझ्या दारात आले होते. राग आणि गंमत दोन्ही एकदम आली.

"नेते," मी म्हटलं. "पण माझा भाव आहे."

"बोल."

"पैसे सगळ्यांएवढेच. वरून एक वाक्य. बसमध्ये, सगळ्यांसमोर, माईकवर. 'पुष्पाची चूक होती, लबाडी नव्हती.' "

"माईक कशाला? घरी बोलतो."

"पंगतीत बोलले तेव्हा घर आठवलं होतं का?"

गुरुजींनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "येताना बोलेन. जाताना नाही. आत्ताच बोलून टाकलं आणि दर्शन झालं नाही, तर मग?"

एवढा भाव करणारा माणूस आर्णीत माझ्याखेरीज दुसरा नसेल असं मला वाटत होतं. "ठीक," मी म्हटलं. "आधी काम, मग दाम." जाताना मी त्यांचं बटण नीट लावून दिलं.

पुढचे तीन महिने मी दुसऱ्या कुठल्याच बसचा एवढा विचार केला नाही. राग बाजूला, पण मला भीती वाटत होती. पहिल्या वेळी काकूंचं दर्शन हुकलं. या वेळी जीवच घुसमटला तर लोकांनी ठेवलेलं नाव खरं ठरेल, आणि ते नाव तर दूर, मलाच मग झोप लागायची नाही. सगळे फोन केले. होळी झाली की तिकडचा रंग आणि गोंधळ ओसरतो. थंडी गेलेली, लू अजून यायची. मार्चच्या मध्याला त्यांच्याकडे खरमास लागतो, महिनाभर लग्नं नाहीत, म्हणजे नवी जोडपी नाहीत. शाळांच्या परीक्षा चालू, म्हणजे लेकुरवाळे घरी. आता देवळाभोवती मोठं आवार झाल्यापासून गर्दी बारा महिने असते, म्हणून नुसता महिना काढून भागत नाही, वार आणि तासही काढावा लागतो. सोमवार नको, शनिवार-रविवार नको. फुलवाला म्हणाला, मंगळवार-बुधवार, दुपारच्या नैवेद्यानंतर दीड ते तीन. "उस टाइम हम भी खाना खाने जाते हैं, बाईजी." फुलवाला जेवायला जातो ती वेळ मी नक्की केली.

पाडव्याच्या आत घरी यायचं, एवढी बायकांची एकच अट होती. होळीनंतर आठव्या दिवशी आम्ही निघालो.

धर्मशाळेत तळमजल्याची खोली हवी म्हणून मी व्यवस्थापकाशी पाऊण तास भांडले. तो म्हणाला, तळमजल्यावर ट्रस्टींचे पाहुणे असतात. मी म्हटलं, "पाहुणे कहाँ हैं, दिखाओ. दिखे तो मैं ऊपर चढ़ जाऊँगी." पाहुणे दिसले नाहीत. खोली मिळाली, खिडकी गल्लीकडे न उघडणारी मिळाली, आणि कमोडही. सलीमभाई म्हणाले, "बाई, अब इनसे मंदिर भी लिखवा लो."

मंगळवारी सकाळी उठले तर काकूंची छाती वाजत होती. प्रवासाचा शीण होता की रस्त्याची धूळ, देव जाणे. त्यांनी पंप घेतला, भिंतीला टेकून बसल्या. गुरुजी दारात उभे. "आज नको, पुष्पा. उद्या पाहू."

उद्या बुधवार होता, चालला असता. पण परवा परतीला निघायचं सगळ्यांचं ठरलेलं होतं, आणि 'उद्या'सारखाच 'मागून' हा शब्द मी याच गावात एकदा वापरला होता. मी काकूंसमोर मांडी घालून बसले.

"काकू, तुम्ही सांगा. आज की उद्या?"

काकूंनी श्वास गोळा केला. "वाजले किती?"

"अकरा."

"दीड वाजता जाचं म्हने ना तू? मंग आत्ता कायले इचारून राह्यली? दीड वाजता इचार."

दीड वाजता त्यांची छाती बरीच शांत होती. फाटकापर्यंत ई-रिक्षा, पुढे व्हीलचेअर. काकू त्यात बसायला तयार नव्हत्या. "देवाकडं काय मी चाकावर जाऊ?" शेवटी दारापर्यंत बसायचं आणि पुढे चालायचं, असा सौदा ठरला. तपासणीला पोलीसबाईने काकूंच्या हातातली कागदाची पुडी उघडायला लावली. "ये क्या है, माताजी?"

"बेल हाय माय," काकू म्हणाल्या आणि पुडी परत घडी केली.

रांग होती, पण चालती. गुरुजींनी काकूंचा हात धरला. मी त्यांच्या दोघांच्या चपला उचलल्या. आता तिथे चपलांसाठी कपाटं आहेत, रांगेने क्रमांक घातलेली. तरी मी कपाटात ठेवल्या नाहीत. बाहेर सावलीत बसले, दोन जोड मांडीशी घेऊन. पंधरा वर्षांत मला ते सुचलं नव्हतं की पायरीवर बसून चपलांकडे पाहत राहिलं की वेळ किती लांब होतो. दोन जोडांनाच एवढा वेळ लागत होता. काकूंनी चाळीस जोड सांभाळले होते.

पाऊण तासाने दोघं दिसले. काकू स्वतःच्या पायांनी येत होत्या. चेहरा घामेजलेला पण श्वास सरळ.

"झालं का, काकू?"

"झालं व माय. पोलीसबाई म्हने, माताजी आगे बढ़िए. मी म्हटलं, गंज वर्सं मांगंच बसली होती वं, एक मिन्ट थांब." आणि हसल्या. मी त्यांच्या पायात चपला घातल्या. गुरुजींनी आपल्या स्वतः घातल्या.

परतीला रीवाच्या पुढे सकाळी चहाला थांबलो. सगळे चहा पिऊन बसमध्ये आले. सलीमभाईंनी इंजिन चालू केलं नाही. माईक काढला आणि मागे दिला. त्यांना सौदा माहीत होता.

गुरुजी उठले, सीटची दांडी धरून उभे राहिले.

"मंडळी," ते म्हणाले, "मी एका लग्नात बोललो होतो, तुमच्यापैकी पुष्कळांनी ऐकलं असेल. आज दुरुस्त करतो. पुष्पाची चूक होती, लबाडी नव्हती."

माझं काम झालं होतं. मी हात पुढे केला, माईक घ्यायला. गुरुजींनी दिला नाही.

"लबाडी माझी होती. त्या दिवशी मी आत गेलो होतो. दाराशी पोचलो, मागून रेटा आला, आणि मी गेलो. वळता आलं असतं. वळलो नाही. दर्शन घेतलं, आणि हिला सांगितलं, घेतलं नाही. ते लपवायला कोणावर तरी ढकलायचं होतं. ही समोर होती."

मी काकूंकडे पाहिलं. त्या खिडकीला टेकून शेंगदाणे सोलत होत्या.

"मले मालूम होतं," काकू म्हणाल्या. माईकची त्यांना गरज नव्हती. "त्या मागावाल्याच्या घरी तुमी टोपी काढली, तवा बेलाचं पान पडलं. मीच उचललं. पोथीत ठेवलं होतं."

गुरुजी उभेच. "आणि बोलली नाहीस?"

"काय बोलू? तुमचं दर्शन झालं, वाईट काय झालं? बेल शिळा होत नाई म्हन्तेत. औंदा नेऊन वाह्यला. तुमच्या टोपीतलाच."

मागच्या सीटवरून एक बाई हुंदका दिल्यासारखी हसली आणि मग सगळी बसच हसली. गुरुजी खाली बसले. आता मला गप्प राहवेना. इतकी वर्षं मी माझ्यावरचा आरोप जपून ठेवला होता, आणि त्याच्या खाली माझंच एक झाकून ठेवलं होतं.

"काकू," मी म्हटलं, "चपला सांभाळायला तुम्हाला मीच बसवलं होतं."

"हाव ना. तू बसवलं, यायनं सोडलं. अन् तवापासून तुमी दोघं भांडून राह्यले, कोनाची चुकी म्हनून." काकूंनी टरफलं कागदात गोळा केली. "मले एकानं तरी इचारलं का, वच्छला, तुले कवा जाचं होतं?"

मी विचारलं, "कवा जाचं होतं, काकू?"

"त्याच दिवशी. तू म्हटलं होतं ना, मांगून नेतो. मी गंज वाट पाह्यली."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं, रागाशी कसं बोलायचं ते मला येतं. मग त्यांनीच सोललेले शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाल्या, "आता नेलं ना? मंग झालं. खा." सलीमभाईंनी इंजिन चालू केलं. जबलपूर येईपर्यंत मी शेंगदाणे मुठीत धरून होते. छातीतलं ते कुसळ केव्हा गेलं ते कळलंही नाही, एवढंच आठवतं की शिवनीच्या घाटात मी पुन्हा सलीमभाईंशी वेगावरून भांडायला लागले होते.

यंदाही तूर वाजायला लागली तसे फोन सुरू झाले आहेत. परवा नेरचा एक जण बोलत होता, आवाजावरून तरणा.

"बाई, काशीले सगळ्यात बेस सीझन कोन्ता?"

"घरातून कोण कोण येणार?"

"मी, माही बायको, भाऊ, भावजय. अन् बापू."

"बापू किती चालतात?"

"नाई चालत जी जास्त. पन त्यायचं काय, आमी त्यायले एका जागी बसवून देऊ, मांगून..."

"फोन बापूंना द्या," मी म्हटलं.

"आं? बापूले कायले?"

"द्या तर खरं."

पलीकडे खाट वाजली, कोणीतरी खोकलं. मी वही उघडली आणि वाट पाहिली.